गेला नाही, ट्रिप झालाय

आजही पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर काही उमटलं नाही, की माझा हात पहिल्यांदा भिंतीवरच्या बटणाकडे जातो. बायको म्हणते, "अहो, लॅपटॉप चालू आहे, पंखा फिरतोय, बटण काय बघताय?" तिला काय सांगणार. रत्नागिरीत ज्यांच्या घरी मी भाड्याने राहिलो, त्या काकांनी लावलेलं हे वळण आहे. वेडगळ आहे हे मला कळतं, पण सुटत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं वस्तू बिघडली की आधी तिला एक थाप, मग एक शिवी, मग दुकानदाराला फोन, असा क्रम. कॉलेजात नोकरी लागली म्हणून रत्नागिरीला आलो आणि भाट्याच्या बाजूला काकांच्या घराची वरची खोली घेतली, जेवणही खाली त्यांच्याकडेच. काका पोफळीला वीजगृहात ऑपरेटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती निवृत्ती फक्त कागदावर. घरात त्यांची ड्युटी चालूच होती.

वीजगृहात म्हणे एक नियम असतो. एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने तोच हुकूम मोठ्याने परत म्हणायचा, मग काम करायचं आणि झालं की 'झालं' म्हणून कळवायचं. नाहीतर एकजण तारेवर चढलेला आणि दुसऱ्याने बटण दाबलं, की संपला खेळ. नियम शहाणपणाचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो आमटीला कशाला?

"पाणी तापत ठेव," काका पडवीतून.

"पाणी तापत ठेवते," काकू आतून.

थोड्या वेळाने, "ठेवलं?"

"ठेवलं हो ठेवलं. आता उडी मारू का त्यात?"

काकूंची ही जोड हुकमाच्या नियमात बसत नसे, पण काका तिकडे कानाडोळा करत. 'ठेवलं' हा शब्द आला की त्यांचं समाधान होई, पुढचं त्यांच्या कानावरून वारं जावं तसं जाई. काकू तर बोलत सुटत. बांगडा महागला, समोरच्या झाडाचा नारळ पडून कौल फुटलं, ह्या मेल्या मांजरानं दूध पाडलं. सकाळी माझी झोप त्या आवाजाने मोडे. पहिल्या आठवड्यात मी वैतागलो होतो. नंतर नंतर सुट्टीत कोल्हापूरला गेलो की घर फारच गप्प वाटायला लागलं.

काकांकडे पत्र्याची एक लाल पाटी होती, स्वतः रंगवलेली: 'काम चालू आहे. हात लावू नये.' फ्रिज साफ करताना ती फ्रिजच्या दाराला, टाकी धुताना नळाला. मी एकदा स्कूटरचा प्लग काढून बसलो, तर माझ्या नकळत पाटी आरशाला अडकवलेली. एकदा काकूंनी ती दुपारी आरामखुर्चीत घोरणाऱ्या काकांच्या गळ्यात घातली. गॅसवाला आला, पाटी वाचली आणि सिलिंडर न देताच निघून गेला. दोन दिवस चुलीवर स्वयंपाक झाला, पण काकूंना त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

बिघाड शोधायची काकांची एक पद्धत होती: पुरवठा आधी, ग्राहक शेवटी. म्हणजे मिक्सर फिरत नसेल तर मिक्सरला हात लावायचा नाही. आधी बाहेर जाऊन मीटर बघायचा, मग बोर्ड, मग वायर, मग बटण, आणि सगळ्यांची विचारपूस झाली की शेवटी मिक्सर. मधली पायरी गाळलेली त्यांना खपत नसे. आणि 'गेला' हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. बल्ब गेला, मोटार गेली असं म्हटलं की ते हात वर करत. "गेला नाही, ट्रिप झालाय. कारण सापडलं की परत येतो. यंत्र खोटं बोलत नाय, कोल्हापूरकर. माणूस विसरतो."

यंत्रांचा त्यांना आदरही फार. खंडेनवमीला घरातलं एकूण एक हत्यार पाटावर यायचं. टेस्टर, पक्कड, काकूंची विळी, कोयता, टीव्हीचा रिमोट, कुकर. सगळ्यांना गंध, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. माझा लॅपटॉपही त्यांनी खाली मागवून घेतला होता. कुंकू कळफलकात सांडेल म्हणून मी घाबरलो, तर म्हणाले, "वर्षभर राबतो तुमच्यासाठी. एक दिवस कपाळाला गंध लावला तर मरणार नाय तो." मी झाकण घट्ट दाबून धरलं आणि वरच गंध लावून घेतलं.

एवढा माणूस, पण माणसांशी दोन शब्द बोलायची वेळ आली की त्यांची वाचा बसे. आळीत कुणी वारलं की काका जात, भिंतीला टेकून बसत, वर बघत राहत, आणि मग उठून त्या घरातला खडखडणारा पंखा दुरुस्त करून येत. काकू म्हणत, "अहो, त्या माउलीचा नवरा गेलाय, तिला काहीतरी बोलायचं." काका म्हणत, "पंख्याचा आवाज होत होता." विषय संपला.

काकूंचा आवाज बसायला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनीच ते हसण्यावारी नेलं. जास्त बोललं की बसणारच. मग मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, इथले डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, बोलणं मात्र राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. काकांनी घरी येऊन तेच वाक्य मला परत म्हणून दाखवलं, हुकूम परत म्हणावा तसं, एकही शब्द न बदलता. आणि बाहेर जाऊन मीटर बघत उभे राहिले.

मुंबईला निघायच्या आदल्या दुपारी मीच सुचवलं की काकूंचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. काकांच्या मोबाइलवर कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, पडवीत दोघांना समोरासमोर बसवलं आणि कॉलेजला निघून गेलो. नवराबायकोच्या मध्ये माझं काय काम? संध्याकाळी ते रेकॉर्डिंग मी पेनड्राइव्हवर घेऊन दिलं. काकांनी पेनड्राइव्ह हातात घेतला, खात्री करून घेतली, आणि मोबाइलमधलं माझ्यासमोर पुसून टाकलं.

"अहो काका, असू दे की दोन ठिकाणी!"

"एका वस्तूची जागा एक. दोन ठिकाणी ठेवलेली वस्तू दुसरीकडे आहेच म्हणून कुणी सांभाळत नाय."

पेनड्राइव्ह स्टीलच्या छोट्या डबीत गेला आणि डबी देवाशेजारी. ऑपरेशन झालं, काकू घरी आल्या. गळ्याला श्वासासाठी भोक, त्यावर पांढऱ्या सुती कापडाचा छोटा पडदा. घर इतकं गप्प झालं, की वरच्या खोलीत मला स्वतःच्या चपलांचा आवाज नको वाटायचा.

काकूंनी शाळेतल्या पोरांसारखी एक पाटी घेतली. आता हुकूम त्या द्यायच्या. 'मासे बघून आणा' असं लिहायच्या, काका ते मोठ्याने वाचायचे, "मासे बघून आणतो," आणि निघायचे. मला वाटायचं, उगाच मोठ्याने वाचतात, समोरच तर आहे पाटी. पण घरात कुणाचा तरी आवाज पाहिजे होता, आणि आता तो काढणारे तेच एकटे उरले होते. रेकॉर्डिंग त्यांनी एकदाही ऐकलं नाही. डबीला रोज सकाळी हात लावून नमस्कार करायचे, उघडायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आहे ना जागेवर? मग झालं."

पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारची दुपार. काकांनी खालून हाक मारली, ती नेहमीची नव्हती. खाली गेलो तर काकू टेबलापाशी बसलेल्या, पुढ्यात पाटी. पाटीवर लिहिलेलं: 'माझा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही. लावा.' आणि काका जुन्या कॉम्प्युटरसमोर पेनड्राइव्ह लावून बसलेले. कॉम्प्युटर चालू, पण पडद्यावर पेनड्राइव्हचं नाव नाही. ना टिंग, ना काही.

मी म्हटलं, "आणा इकडं, बघतो." आणि सवयीने कॉम्प्युटरच्या डोक्यावर थाप मारायला हात उचलला. काकांनी तो हवेतच धरला.

"पुरवठा आधी."

मग आम्ही बाहेर जाऊन मीटर बघितला. काकू तिथे बसल्या आहेत, त्यांचा आवाज कुठे अडकलाय देव जाणे, आणि आम्ही दोघं उन्हात मीटर बघतोय. मीटर ठीक. बोर्ड ठीक. स्टॅबिलायझर ठीक. मला आतून नुसतं चिडचिडायला होत होतं, पण काकांच्या तोंडाकडे बघून गप्प राहिलो. कपाळाला घाम फुटलेला, आणि आवाज मात्र थेट कंट्रोल रूममधला.

"पुढचं भोक बंद, मागचं भोक वापरा."

"मागचं भोक वापरतो."

"वापरलं?"

"वापरलं काका. नाही दाखवत."

त्याच भोकात माउस लावला, चालला. माझा पेनड्राइव्ह आणून लावला, टिंग करून लगेच दिसला. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष. मग माझा लॅपटॉप आणला, त्यात काकूंचा पेनड्राइव्ह लावला. नाही. कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी उघडून बघितली, एखादा पेनड्राइव्ह दिसतो पण त्याला नाव मिळत नाही, तसलं काही असलं तर. यादीत त्याचा मागमूस नाही. त्याच्या अंगावरचा बारीक दिवासुद्धा लुकलुकत नव्हता.

एकेक करत सगळे सुटले आणि ग्राहक तेवढा उरला. मी काकूंकडे बघितलं नाही. तोंडातून निघून गेलं, "काका, गेला बहुतेक."

मला वाटलं आता हात वर करतील. त्यांनी केला नाही. खुर्चीत बसले, चष्मा काढला, आणि इतक्या हळू म्हणाले की मला वाकून ऐकावं लागलं. "ट्रिप म्हणा हो. गेला म्हणू नका."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आवाज जिचा हरवला तीच समजूत काढत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी पेनड्राइव्ह उचलला, मोबाइलचा दिवा लावला आणि त्याच्या तोंडात बघितलं. आतल्या सोनेरी पट्ट्या दिसायला हव्या होत्या, त्या दिसेनात. आत पिवळं काहीतरी लिंपल्यासारखं सुकून बसलं होतं, आणि कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याचा तुकडा. नाकाशी नेला. चंदन.

"काका, ह्याची पूजा केली होती का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. मग म्हणाले, "खंडेनवमीला."

"टोपण काढून?"

"टोपी घालून कसली पूजा?" आणि थोडं थांबून, "गंध कपाळाला लावतात. ह्याचं कपाळ म्हणजे पुढचं टोक. जरा सढळ हातानं लावलं. इतरांपेक्षा."

मला हसावं की रडावं कळेना. काकूंचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो, बघतो तर बाई हसत होत्या. आवाज नाही, नुसते खांदे, आणि डोळ्यांतून पाणी. पाटी ओढून त्यांनी लिहिलं: 'नैवेद्य पण दाखवलात का?'

काका उठून उभे राहिले. वरिष्ठांसमोर राहावं तसे, हात बाजूला. "चूक ऑपरेटरची," म्हणाले. "सगळ्यांची चौकशी केली, माझी नाय केली."

मी खिशातून टाचणी काढली, तशी काकूंनी माझ्या हातावर चापट मारली. आत गेल्या आणि आपला ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आल्या. गळ्यातली नळी त्यांना रोज साफ करावी लागे. त्यासाठीचा बारीक ब्रश, कापूस, स्पिरिटची बाटली. कोरा ब्रश काढला, स्पिरिटमध्ये बुडवला, झटकला आणि पेनड्राइव्हच्या तोंडात अलगद फिरवायला लागल्या. पिवळं पाणी कापसावर उतरत होतं. तांदळाचा दाणा निघाला तो त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवला. घाई नाही, जोर नाही. दुखऱ्या जागेवर हात कसा चालवायचा ते त्यांना माहीत झालं होतं. मी कोल्हापूरचा गडी, पण त्या वेळी मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

ब्रश बाजूला ठेवल्याबरोबर काकांनी हात पुढे केला. काकूंनी मान हलवली. स्पिरिट उडू द्यायचं होतं. त्या उठल्या, दारामागची लाल पाटी आणली, 'काम चालू आहे, हात लावू नये,' आणि पेनड्राइव्हसमोर उभी केली. काका निमूट बसले. पंख्याखाली आम्ही तिघं त्या एवढ्याशा वस्तूकडे बघत बसलो होतो.

मग काकूंनीच तो उचलून माझ्या लॅपटॉपला लावला. टिंग झालं. यादीत नाव आलं, आत एकच फाइल. मी काकांकडे बघितलं. ते दाराकडे निघाले होते.

"तुम्ही दोघं ऐका. मी जरा मीटर..."

काकूंनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि खाली बसवलं. मी फाइल लावली.

आधी खरखर. मग काकू. घोगऱ्या, पण त्याच. "चालू झालं का हे? काय बोलू? मला मेलं काही सुचत नाही." काकांचा आवाज: "एक, दोन, तीन म्हण. चाचणी." "मी काय लाउडस्पीकरवाली आहे?" आणि मग बाई सुटल्या. मासे घ्यायचे तर कल्ले उघडून बघा, लाल असले तरच घ्या, कोळीण गोड बोलली म्हणून पिशवी पुढे करू नका. आंब्याच्या लोणच्याला चिनी मातीचीच बरणी. वरच्या कोल्हापूरकराला तिखट लागतं, त्याच्या पोळीवर थोडी चटणी ठेवत जा, तो मागायचा नाही.

काकू टेबलावर दोन्ही कोपर टेकून स्वतःला ऐकत होत्या. तोंडावर नवल होतं, कुणी लांबची बहीण भेटल्यासारखं. मध्येच पाटीवर लिहिलं, 'केवढी बडबडत होते!' काकांनी नुसती मान हलवली.

रेकॉर्डिंगमध्ये काकू म्हणाल्या, "आता तुम्ही बोला की. मीच किती बोलू?"

"बोल, बोल. तुझं चालू दे."

मग बराच वेळ काही नाही. लांबून समुद्र, एक कावळा, कुणाची तरी गाडी गेली. मला वाटलं संपलं, मी हात पुढे केला. तेवढ्यात काकूंचा आवाज आला, एकदम हलका.

"अहो, तुम्हाला भीती वाटते का हो?"

थोडं थांबून काकांचं उत्तर: "बॅटरी उतरलीय मोबाइलची. आटप आता." आणि खट्. संपलं.

काकू लॅपटॉपकडेच बघत होत्या. काकांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. मला खात्री होती की आता ते उठतील, पंखा बघतील, बोर्ड बघतील, काहीतरी दुरुस्त करतील. ते उठले नाहीत. बायकोकडे तोंड करून बसले.

"बॅटरी भरलेली होती," ते म्हणाले. "वाटत होती. फार वाटत होती गो. अजून वाटते."

काकूंनी पाटी हाताने पुसली. लिहायला त्यांना वेळ लागला, पेन्सिल मध्येच थांबत होती. मग पाटी त्यांच्याकडे फिरवली. माझ्या जागेवरूनही ती वाचता येत होती.

'मला पण. म्हणून तर विचारलं.'

काकांनी वाचलं. त्या एका वेळी मोठ्याने नाही वाचलं.